काठावरचा क्लब

शिडाच्या होड्यांचा क्लब म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरी शिडं, निळं पाणी आणि गॉगल लावलेली माणसं येतात. त्यातले गॉगल तेवढे खरे. क्लबातला बहुतेक वेळ जातो तो जमिनीवर. होडी ट्रॉलीवर चढवायची, डोलकाठी उभी करायची, गाठी मारायच्या. मग दुसरं कुणीतरी येऊन ‘ही अशी नसते’ म्हणत त्या सोडणार. एवढं होईतो वारा पडलेला, म्हणून चहा. तासभर पाण्यावर जाऊन आलं की त्या तासात कोण कुणाच्या आड आलं यावर दोन तास वाद. म्हणून 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदीनं पाण्यावर जाणं बंद झालं तेव्हा क्लबाचं व्हायला हवं होतं तेवढं नुकसान झालं नाही, असं माझं मत आहे. आमच्यातल्या पट्टीच्या खलाशांना ते मान्य नाही. पण त्यांना तसं कुठलंच मत मान्य नसतं.

आम्ही राहणार इंदूरचे, क्लब भोपाळचा. इंदुरात तलाव नाहीत असं नाही. यशवंत सागर आहे, सिरपूर आहे, बिलावली आहे. पण शिडाचं वेड मला लागलं ते नवऱ्याच्या भोपाळच्या बदलीत, बड्या तलावावर; आणि बदली संपली तरी ते काही परत आलं नाही. राजा भोजानं अकराव्या शतकात बांधलेला हा तलाव एखाद्या लहानशा समुद्रासारखा पसरलेला आहे, आणि श्यामला टेकडीच्या आडोशाला गेलं की वारा असा काही गायब होतो की माणूस देवाचं नाव घेतो. रविवारी पहाटे निघून एवढं लांब पाण्यात पडायला जायचं, हे सासूबाईंना कधीच पटलेलं नाही. ‘कुठे राजा भोज आणि कुठे आपण,’ असं त्या दर रविवारी म्हणत. मी त्यांना सांगत असे की इंदूरकर पिण्याचं पाणीसुद्धा 70 किलोमीटरवरून, जलूदहून, नर्मदेचं आणतो. मग खेळायच्या पाण्यासाठी 190 किलोमीटर म्हणजे काही फार नाही.

24 मार्चच्या संध्याकाळी टोकियो ऑलिम्पिक पुढे ढकलल्याची बातमी आली. क्लबाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटला. आपले कोण पात्र ठरतील, वर्षभरानं त्यांचा सराव राहील का, वगैरे. चर्चा अशी रंगात आलेली असताना आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले. 21 दिवस. ग्रुपवर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग आमच्या कर्नलसाहेबांनी, एक शब्दही न लिहिता, लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांच्या एका निशाणाचं चित्र टाकलं.

शर्यतीत उतरलेल्या प्रत्येकाला हे निशाण ठाऊक असतं. पूर्ण नाव आन्सरिंग पेनंट, आमच्यात नुसतं एपी. वारा नसला, फार झाला किंवा मिनिटामिनिटाला फिरायला लागला की शर्यतीचा अधिकारी दोनदा भोंगा वाजवून ते वर चढवतो: शर्यत लांबणीवर. खाली घेताना एकच भोंगा, आणि त्यानंतर बरोबर एका मिनिटानं पुढचा इशारा. म्हणजे हातातला चहा कुठे ठेवायचा तिथे ठेवा आणि पळा. एपीच्या खाली आकड्याचं निशाण असेल तर तितके तास थांबायचं. खाली ‘एच’ असेल तर काठावर यायचं, पुढचं तिथे कळेल. आणि खाली ‘ए’ असेल तर आज काही नाही, घरी जा.

पुढे 14 एप्रिलची मुदत 3 मेवर गेली, मग 17 मेवर, मग 31 मेवर. कर्नलसाहेब दर वेळी एपी चढवत आणि त्याखाली एच की ए, यावर ग्रुपात दोन तट पडत. हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. इंदूर तेव्हा मध्य प्रदेशातलं सगळ्यात वाईट शहर होतं. सराफा बंद, छप्पन दुकान बंद, गल्लीच्या तोंडाला बांबू बांधलेले. (जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी आमच्या लोकांनी राजवाड्यावर थाळ्या वाजवत जी मिरवणूक काढली ती साऱ्या देशानं पाहिली आहे, मी तो विषय वाढवत नाही.) तरीही एक खरं. आजूबाजूचे लोक ‘नेमकं किती दिवस’ या प्रश्नानं हैराण होत होते, तसे आमच्या ग्रुपातले झाले नाहीत. होडी चालवायला शिकवताना कुणी सांगत नाही, पण या खेळात सगळ्यात आधी अंगी बाणवावं लागतं ते कपडे घालून, जाकीट बांधून, तयार होऊन रिकामं बसणं. आम्हाला त्याची सवय होती. अडचण इतकीच, की तलावावर वारा येताना दिसतो. पाण्यावर दूरवर काळपट लव उठते, ती सरकत सरकत आपल्याकडे येते. इथे बघायचं कुठे? टीव्हीवर?

निशाणांवरून एक प्रकार झाला तो सांगायलाच हवा. जहाजांच्या संकेतांत ‘क्यू’चं निशाण असतं, नुसतं पिवळं. जुन्या काळी पिवळं निशाण म्हणजे जहाजावर साथीचा रोग आहे, लांब राहा. आजच्या संकेतात त्याचा अर्थ नेमका उलटा: माझं जहाज निरोगी आहे, बंदरात यायची परवानगी द्या. आमच्या क्लबात एक डॉक्टर जोडपं आहे. दिवसभर रुग्णालयात राबून आलेल्या माणसांना थोडी गंमत सुचली तर कोण काय म्हणणार? त्यांनी पिवळी उशीची खोळ गच्चीतल्या काठीला लावली आणि फोटो टाकला. ग्रुप खूश. पण शेजाऱ्यांना तेवढं समजलं की डॉक्टरांच्या घरात पेशंट निघाला. दूधवाला फाटकाबाहेर पिशवी ठेवून पळायला लागला. डॉक्टरीणबाईंनी गॅलरीतून सगळा इतिहास समजावून सांगितला, की याचा अर्थ आता उलटा आहे. शेजारचे काका शांतपणे म्हणाले, ‘मग उलटं लावा.’

घरोघर गाठींचा सुकाळ झाला. आमच्याकडे पडद्याच्या दोऱ्या, मोलकरीण येत नसल्यामुळे गच्चीत आलेली कपड्यांची दोरी, सिलिंडरची साखळी, सगळ्यांवर माझा सराव चालू. बॉलाइन नावाची गाठ सासूबाईंना मात्र मनापासून आवडली. ताण आला की घट्ट बसते, सरकत नाही, आणि काम झालं की नखानं सुटते. ‘एवढी वर्षं भोपाळला जाऊन हे शिकलीस होय!’ म्हणत त्यांनी ती शिकून घेतली, ती वाळवणासाठी. एप्रिल-मे म्हणजे कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या चकल्या. गच्चीत जुनं धोतर पसरायचं आणि ते उडू नये म्हणून चार कोपरे बांधायचे. मी वाऱ्याची जाणकार म्हणून कोपरे कुठल्या बाजूनं आधी ताणायचे ते सांगायला गेले, तर म्हणाल्या, ‘चारनंतर पश्चिमेकडून झोत येतो, दगड तिकडे ठेव. आणि उत्तरेच्या टाकीमागे वारा गोल फिरतो, तिथे काही घालू नकोस.’ टाकीमागे वारा गोल फिरतो, हे खरं होतं. श्यामला टेकडीमागे नेमकं हेच होतं. मी ग्रुपवर लिहिलं, तर कर्नलसाहेबांनी सासूबाईंना क्लबाचं मानद सभासदत्व जाहीर केलं. त्या अजून तलावाकडे फिरकलेल्या नाहीत.

मग फोनवरच्या शर्यती आल्या. ‘व्हर्च्युअल रेगाटा’ जगभरातल्या क्लबांनी तेव्हा धरला तसा आम्हीही धरला. अंगठ्यानं होडी वळवायची, पडद्यावर वाऱ्याची दिशा आणि वेग दिसतो, चार-पाच मिनिटांत शर्यत आटोपते. माझा भाचा इंदुरात इंजिनिअरिंगला. हॉस्टेल रिकामं केलं आणि पुण्याला जायची सोय नाही, म्हणून तो आमच्याकडे अडकला. पोरानं उभ्या जन्मात शिडाची होडी पाहिलेली नव्हती. आठवड्याभरात तो कर्नलसाहेबांना हरवायला लागला. कर्नलसाहेब म्हणत, नेटवर्क वाईट होतं. भाचा म्हणे, ‘मावशी, त्यांना सांग, एकाच नेटवर्कवर असतो आपण.’

त्या नोव्हेंबरात वॉन्दे ग्लोब सुरू झाली. फ्रान्सहून निघायचं आणि एकट्यानं, कुठेही न थांबता, पृथ्वीला वळसा घालून परत यायचं. खरे खलाशी निघाले 33. फोनवरचे दहा लाखांच्या वर. या आभासी होडीची खोड अशी, की ती रात्रीही चालत राहते. वारा फिरला की शीड बदलायला उठावंच लागतं. भाचा रात्री तीनचा गजर लावून उठायचा. सकाळच्या ऑनलाइन लेक्चरला मात्र त्याला गजर ऐकू येत नसे. जानेवारीत शर्ली दालँ सगळ्यांत आधी रेषा ओलांडून आला आणि तरी पहिला ठरला नाही. दक्षिणेकडच्या समुद्रात होडी दुभंगून बुडत असलेल्या केविन एस्कोफिएला शोधायला जे वळले होते त्यांना त्या वेळेची भरपाई मिळाली, आणि यानिक बेस्ताव्हां 80 दिवसांच्या हिशेबानं जिंकला. ग्रुपवर यावर अनेक दिवस वाद रंगला. त्यात भर म्हणजे 1 जानेवारी 2021 पासून शर्यतीच्या नियमांचं नवं पुस्तक लागू झालं होतं, दर चार वर्षांनी होतं तसं. त्यामुळे जुने मिटलेले सगळे तंटेही पुन्हा उकरून काढता आले.

एक वाद मात्र खेळाचा नव्हता. पाणीच नाही तर वर्गणी कशाची, असं काहींनी लिहिलं. हिशेबानं ते बरोबरच होतं. पण क्लब म्हणजे आमच्या वर्गणीतून पगार घेणारे बोटमनही. त्यातले चाचा तलावाजवळच राहतात. आम्ही सगळे घरात कोंडलेलो असताना पाणी रोज दिसणारे तेवढेच. ते सकाळी फोटो पाठवत, खाली दोन शब्द: ‘हवा अच्छी’ किंवा ‘हवा नहीं’. पहिली सूट मिळाल्याबरोबर त्यांनी जाऊन आच्छादनं काढून बघितली. सुरवंट, गांधीलमाश्यांचं पोळं, कप्प्या घट्ट बसलेल्या. पावसाळ्याआधी शिडं उन्हातून काढून, पुसून, गुंडाळून आत ठेवली ती त्यांनीच. शिडाचं कापड उन्हानंच मरतं, पावसानं त्या मानानं कमी. मला विचाराल तर वर्गणीचा प्रश्न चाचांच्या फोटोंनी मिटवला. कोषाध्यक्षांच्या लांबलचक पत्रानं नव्हे.

2021 चा एप्रिल वेगळा होता. तेव्हा ग्रुपवर निशाणं नव्हती. सिलिंडर कुठे भरून मिळेल, कुठल्या रुग्णालयात पलंग रिकामा आहे, रेमडेसिवीर कुणाकडे. ज्यांचं टोपणनाव सोडून खरं नाव आम्हाला माहीत नव्हतं अशा माणसांची खरी नावं, वयं आणि ऑक्सिजनचे आकडे तेव्हा कळले. दोन नंबर अजून ग्रुपात आहेत, कुणी काढलेले नाहीत.

जुलैत, लांबलेल्या टोकियो ऑलिम्पिकसाठी, एनोशिमाच्या पाण्यावर भारताचे चार खलाशी उतरले, नेत्रा कुमनन, विष्णू सरवनन, गणपती आणि वरुण ठक्कर. आपल्याकडून एकाहून जास्त प्रकारांत प्रवेश ही पहिलीच वेळ. पदक दूरच होतं. पण आम्ही बारा नॉट वाऱ्यावर अशा काही टिप्पण्या केल्या की जणू सगळे तिथूनच परतलो आहोत.

क्लब उघडला तो पायरीपायरीनं. आधी एकट्यानं चालवायच्या होड्या, लेझर वगैरे. दोघांच्या होड्यांत बसायचं तर दोघं एकाच घरातले हवेत. त्यामुळे एंटरप्राइझमध्ये बसायला पात्र ठरलं फक्त डॉक्टर जोडपं. आणि या दोघांना एका होडीत कधी बसवायचं नाही हा क्लबाचा अलिखित नियम फार जुना. पहिल्याच वळणावर ‘तू सोड’, ‘नाही, तू सोड’ असा आवाज काठापर्यंत ऐकू आला. मास्कातून.

भाच्याला मी नंतर एका रविवारी घेऊन गेले. सगळे त्याला बघायला जमले. कर्नलसाहेब तर इस्त्रीचा शर्ट घालून. पोरानं जाकीट बांधलं, लेझरमध्ये बसला, टिलर म्हणजे सुकाणूचा दांडा धरला, आणि थोडा वेळ इकडेतिकडे बघून चाचांना विचारलं, ‘वाऱ्याची दिशा कुठे दिसते?’

चाचांनी त्याच्या दोन्ही कानांना एकेकदा बोट लावलं. ‘इधर. और इधर.’

दुपारपर्यंत तो तीनदा पालथा झाला. संध्याकाळी गाडी सीहोर ओलांडत होती तेव्हा मागच्या सीटवर तो ओल्या केसांनी ग्रुपवर टाइप करत होता: दुसऱ्या वेळी तो स्टारबोर्ड टॅकवर, म्हणजे वारा उजव्या बाजूनं घेत होता, वाट देणं कर्नलसाहेबांकडे होतं, आणि सहा मीटरहून लहान होडीला तक्रारीचं लाल निशाण लागत नाही, नुसतं ‘प्रोटेस्ट’ ओरडलं तरी चालतं; ते तो पाण्यातून ओरडला होता.