ओवीतली ‘मी’ नक्की कोण असते?

शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या मराठी खेड्यात कोणाकडे किती जमीन होती, तिच्यावर सारा किती बसला, बांधावरून कोणी कोणाशी कज्जा केला आणि सावकाराचे देणे किती चढले, हे इंग्रजी अमदानीतल्या दफ्तरांवरून बऱ्याच तपशिलाने सांगता येते. त्याच खेड्यात दहा-बारा वर्षांची मुलगी सासरी नांदायला आली तेव्हा तिला काय वाटले, याची नोंद मात्र कुठल्याही कुलकर्ण्याच्या वहीत सापडणार नाही. तिला स्वतःला लिहिता येत नव्हते आणि ज्यांना येत होते त्यांना ही बाब टिपून ठेवण्याजोगी वाटत नव्हती. जात्यावरच्या ओव्यांकडे मी वळले ती या उणिवेमुळे. त्या वाचताना आणि ऐकताना असे लक्षात येत गेले की ओवी समाजाविषयी पुष्कळ सांगते, पण आपण सहसा समजतो तितक्या सरळपणे सांगत नाही.

ओवी जिथे जन्मली ती जागा आधी पाहिली पाहिजे. पहाटे घर झोपेत असताना सून, जाऊ किंवा नणंद एकटीने नाहीतर दोघी समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालून दळत असत. जात्याचा वरचा दगड फिरू लागला की त्याच्या घरघरीत गाणारीचा आवाज बुडून जाई आणि पुरुषमाणसे त्या कोपऱ्याकडे फिरकत नसत. दिवसभरात सुनेला एवढी मोकळीक दुसरीकडे क्वचितच मिळत असावी. जात्यालाच ईश्वर म्हणून हाक मारून त्याच्यापाशी मनातले सांगण्याची रीत ओव्यांमध्ये ठिकठिकाणी दिसते, आणि ती केवळ काव्यकल्पना आहे असे मला वाटत नाही. ऐकून घेणारे आणि चहाडी न करणारे असे घरात दुसरे होते तरी कोण? अर्थात हे लिहिताना एका गोष्टीचे भान सुटता कामा नये. साऱ्या कुटुंबाच्या भाकरीचे पीठ रोज हाताने दळणे हे खांदे मोडणारे काम होते. गावात गिरणी आली तेव्हा बायकांची त्यातून सुटका झाली. ‘जाते गेले आणि ओवी गेली’ असा गळा काढणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कधी पायलीभर ज्वारीसुद्धा दळलेली नसते, हे या निमित्ताने सांगून टाकते.

ओव्या लिहून घेण्याचे काम महाराष्ट्रात बऱ्याच आधीपासून झाले आहे. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’ या संग्रहातून त्या घरोघरी पोहोचवल्या; पुढे सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या पुस्तकांतून खेड्यापाड्यांतली स्त्रीगीते मोठ्या प्रमाणावर छापून आणली. या कामाचे मोल मोठे आहे. तरीही सर्वसाधारण वाचकाच्या मनात ओवी म्हणजे आईचे वात्सल्य, माहेरची ओढ, भाऊरायाची वाट आणि पंढरीचा विठ्ठल असे जे गोड समीकरण बसले, ते बायका एवढेच गात होत्या म्हणून बसले की संग्राहकांना आणि पाठ्यपुस्तकांना तेवढेच आवडले म्हणून, हा प्रश्न उरतो. मला दुसरे कारण अधिक पटते.

ते पटण्याचे कारण म्हणजे गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी उभा केलेला संग्रह. पॉइटवाँ हे मूळचे फ्रान्सचे. १९७२ साली ते पुण्यात आले आणि नंतर त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. मुळशी-मावळच्या डोंगराळ भागात गरिबांच्या संघटनेचे काम करता करता, गावातल्याच कार्यकर्त्या बायकांना सोबत घेऊन या दोघांनी ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात केली. हे काम पसरत जाऊन १,००० हून अधिक गावांतल्या ३,००० हून अधिक गायिकांच्या १,००,००० हून अधिक ओव्या जमा झाल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रणही झाले. २०१७ पासून पी. साईनाथ यांनी स्थापन केलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर हा ठेवा क्रमाक्रमाने प्रसिद्ध होत आला आहे. विचारणारी बाई ओळखीची आणि तशाच घरात नांदणारी असली की उत्तरही वेगळे मिळते. मुलीच्या जन्माला येणारे बोल, नवऱ्याचा मार, वांझपणाचा ठपका, माहेर तुटल्याचा राग हे सगळे इथे वात्सल्याच्या आणि भक्तीच्या ओव्यांच्या शेजारी बसलेले आहे.

मात्र इथेच वाचकाने सावध व्हायला हवे, कारण ओवीतली ‘मी’ म्हणजे गाणारी बाई नव्हे. जिला सख्खा भाऊ नाही तीही बंधुरायाच्या ओव्या गाते आणि जिला मूल झाले नाही तीही बाळाच्या. ‘पहिली माझी ओवी’, ‘सांगते बाई तुला’ अशी ठरलेली वळणे पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात आलेली असतात आणि प्रत्येक बाई त्यांत आपले थोडेसे घालते. म्हणून एखादी ओवी पुढे करून ‘अमुक गावातल्या बायकांची स्थिती अशी होती’ असे म्हणणे धोक्याचे ठरते. ओवी ही साक्षीदाराची जबानी नव्हे. कोणते दुःख बोलून दाखवता येते आणि ते कोणाच्या तोंडी घातले तर चालते, हे ती फार नेमके सांगते.

सीतेच्या ओव्या याचे उत्तम उदाहरण आहेत. त्यांत कैकेयी ही सावत्र राणी कमी आणि सासू जास्त असते. राम देव आहे याविषयी गाणाऱ्या बाईला तिळमात्र शंका नसते, पण गरोदर बायकोला रानात सोडणे हे त्याने वाईटच केले, हेही ती सांगून जाते. सीतेने आपला सासुरवास साऱ्या बायकांत वाटून दिला अशीही कल्पना या ओव्यांत येते. स्वतःच्या सासूविषयी उघड बोलणे जिला परवडणारे नव्हते, तिला सीतेच्या आडोशाने सगळे बोलता आले. रामायणाच्या अभ्यासकांनी पोथ्यांइतकेच लक्ष या दळणाकडे दिले पाहिजे असे मला वाटते.

आणि मग माजलगाव. १९९६ साली बीड जिल्ह्यातल्या या गावच्या भीमनगरात याच संग्रहासाठी ज्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या, त्यांत पहिली, दुसरी, तिसरी ओवी देवांना वाहण्याच्या जुन्या रिवाजात भीमराव, रमाबाई आणि बुद्ध आले आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. जुने देव सोडले गेले, पण ओवी सोडावी लागली नाही. भावासाठी राखलेली माया, पाहुण्याच्या स्वागताची लगबग, आदराची संबोधने हे सगळे साहित्य तयारच होते, ते बाबासाहेबांकडे वळवले गेले. एखादी चळवळ घराच्या आत, चुलीपर्यंत आणि जात्यापर्यंत कशी पोहोचली, हे सभांच्या वृत्तांतांवरून कळत नाही. या दोन-दोन ओळींवरून कळते. ओवी म्हणजे जुन्या, न बदलणाऱ्या खेड्याचा आवाज हा आपला समजही त्यांनी मोडून काढला आहे.

ज्यांना या विषयात शिरायचे आहे त्यांनी साने गुरुजींचा संग्रह आणि पॉइटवाँ-राईरकर यांचा नवा संग्रह समोरासमोर ठेवून भाऊ-बहिणीच्या ओव्यांपासून सुरुवात करावी. एकीकडे साडी-चोळी घेऊन येणारा भाऊ भेटतो. दुसरीकडे त्याच्याबरोबर लग्नानंतर बहिणीला विसरलेला भाऊही भेटतो, आणि दोघांसाठी वापरलेली वळणे पुष्कळदा तीच असतात.