आखाजीचे पेढे

सासूबाई गेल्या, त्यानंतरची ही पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. त्यांच्या नावाची घागर पहिल्यांदाच भरायची होती, वर डांगर म्हणजे खरबूज आणि आंबा ठेवायचा होता, विस्तवावर पुरणपोळी-रसाची आगारी टाकायची होती. ते सगळं मला येत होतं. पेढे येत नव्हते. आखाजीला ताई माहेरी आल्या की घरच्या माव्याचे पेढे आईच करायच्या. सतरा वर्षांत मी फक्त वेलची कुटून दिली.

विकतचा मावा नकोच होता. दिवाळीत आणलेला दाताखाली पिठूळ लागला, म्हणून मुलीनं चिमूटभर पाण्यात उकळून, गार करून त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकले. पाणी निळं झालं, म्हणजे स्टार्च मिसळलेला. आईंच्या घागरीपुढे तसलं काही ठेवायला मन धजेना.

आठ दिवस आधी पिशवीच्या दोन लिटर गाईच्या दुधावर हात बसवायला घेतला. मावा निघाला जेमतेम सव्वातीनशे ग्रॅम, तोही चिकट. पेढ्याला म्हशीचंच दूध हवं. आमच्याकडे म्हशीला सरकीची ढेप असते, दुधावर साय जाड धरते, लिटरमागे दोनशे ग्रॅमच्या वर मावा सहज पडतो.

मग चार लिटर म्हशीचं घेतलं. रात्रीचं दोन, सकाळचं दोन, एकत्रच कढईत ओतलं. निम्मं आटलं आणि दूध फाटलं. हिरवट पाणी वेगळं, गोळे वेगळे. मी चुलीपुढे बसून रडले. आमच्या चुलत सासूबाई, नानी, भिंतीपलीकडून आल्या. एवढ्या उन्हाळ्यात रात्रीचं दूध सकाळपर्यंत आंबुस होतंच, म्हणाल्या. नुसतं पिताना कळत नाही, पण दूध आटतं तसा आंबटपणाही दाट होतो आणि ते फाटतं. आधी वाटीभर उकळून बघायचं. टिकलं तरच कढई चढवायची. फाटलेल्याचं पनीर करून घरात खाल्लं.

आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे पाचला धार काढल्याबरोबर दूध आणलं, वाटीभर उकळून पाहिलं आणि मागच्या अंगणात चूल पेटवली. गॅसवर कढईचा मध्य तेवढा तापतो, चुलीची आच सगळ्या बुडाला लागते. पहिल्या उकळीपर्यंत कपाशीच्या पऱ्हाट्या. त्या भसकन पेटतात आणि तशाच विझतात, त्यामुळे दूध वर आलं की जाळ मागे ओढता येतो. नंतर मात्र बाभळीचं लाकूड. पसरट लोखंडी कढई आईंचीच, काठ झिजून पातळ झालेला.

पहिला पाऊण तास सोपा. मधूनमधून ढवळायचं, कडेला चिकटलेली साय उलथण्यानं दुधात ओढत राहायचं. खरी परीक्षा त्यानंतर. दूध रबडीसारखं झालं की बुडबुडे जड होतात, पच् पच् आवाज येतो आणि हातावर चटके उडतात. नानी शेजारी बसून होत्या.

“हात थांबाडू नको वं माय, नहीत खाले लागी जाई.”

मी थांबले नाही. उलथणं बुडाला टेकवून पुढे रेटायचं, परत ओढायचं. खांदा भरून आला. मग आवाज एकदम बंद झाला. बुडबुडे नाहीत, वाफ कमी, गोळा कढईची कड सोडून मधे गोळा व्हायला लागला आणि त्याच्या काठाला तुपाची बारीक चमक दिसली. मला वाटलं झालं. नानींनी मान हलवली. अजून दहा मिनिटं मंद निखाऱ्यावर परतायला लावलं. त्या दहा मिनिटांत पांढरा मावा बदामी झाला. घरभर तोच वास, आईंच्या पदराला आखाजीच्या दिवशी यायचा तो.

“आते उतार.”

साडेआठशे ग्रॅम भरला. साखर लगेच घालायची नाही, हे मला नानींमुळेच कळलं. गरम माव्यात साखर वितळते, सगळं सैल होऊन पेढा वळतच नाही. बोटाला कोमट लागेपर्यंत थांबले, मग अडीचशे ग्रॅम पिठीसाखर, वेलची, थोडं जायफळ घालून तळहातानं मळलं. वळून वर अंगठा दाबला. आई तसाच दाबायच्या, नक्षी वगैरे काही नाही. कढई मी घासली नाही.

दुसऱ्या दिवशी घागर भरली, आगारी झाली, पाच पेढे घागरीपाशी ठेवले. ताई एक पेढा हातात घेऊन बराच वेळ नुसत्या अंगठ्याचा तो खळगा बघत होत्या. मग अर्धा मोडून मला दिला, अर्धा स्वतः खाल्ला.

“वहिनी, खरवड ठेवली का गं?”

मी कढई आणून पुढ्यात ठेवली. ताई फरशीवर मांडी घालून बसल्या आणि उलथण्यानं तळाची तांबूस खरवड काढायला लागल्या. पहिला तुकडा त्यांनी माझ्या मुलीच्या हातावर ठेवला.