उद्यमबागेत इंटर्नशिप मिळाली, परवानगी मिळेना

इंटर्नशिपसाठी जागा शोधणं अवघड असतं, असं सीनियर सांगायचे. जागा मला पटकन मिळाली. अडलं ते कॉलेजच्या ऑफिसात, एका सहीसाठी. त्या टेबलासमोर घालवलेल्या सकाळी आठवल्या की आजही डोकं तापतं, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात राहून इंजिनिअरिंग करणाऱ्या आणि घराजवळच काम शिकू पाहणाऱ्या मुलामुलींना यातलं काही ना काही उपयोगी पडेल.

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या २०२२ च्या स्कीममध्ये, म्हणजे अभ्यासक्रमात, शेवटच्या वर्षाला १४ ते २० आठवड्यांची इंटर्नशिप आहे आणि तिला १० क्रेडिट आहेत. टाळता येत नाही. माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी बंगळूरकडे तोंड केलं. तिथं स्टायपेंड नसेल तर पीजीचं भाडं, खानावळ, येणंजाणं, सगळं घरच्यांच्या जिवावर. मी उचगावची. बाबांची शेती, धाकटा भाऊ बारावीला. घरून ये-जा करता येईल अशीच जागा मला हवी होती. आणि मेकॅनिकलवाल्याला बेळगावात शिकण्यासारखं काही नाही, हे मला कधीच पटलेलं नाही. उद्यमबाग, मच्छे, नावगे, काकती, होनगा, जिकडं बघाल तिकडं फाउंड्र्या आणि मशीन शॉप. हत्तरगीच्या एसईझेडमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात, तर विमानांचे सुटे भाग तयार होतात.

शोधण्याची पद्धत साधी होती. तिसऱ्या रेल्वे गेटजवळ उतरायचं आणि बायोडेटाच्या प्रती घेऊन एकेका गेटवर विचारत जायचं. मोठ्या कारखान्यात वॉचमन बायोडेटा ठेवून घेतो आणि पुढं काही कळत नाही. छोट्या शॉपमध्ये मालक स्वतः भेटतात, फक्त वेळ बघून जा. सकाळी कामं लावण्याच्या गडबडीत कुणी बोलत नाही. जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी गेलं की नीट ऐकून घेतात. एका मशीन शॉपच्या मालकांनी विचारलं, "काम शिकायचं हाय, का नुसतं सर्टिफिकेट पाहिजे?" काम शिकायचंय म्हटल्यावर त्यांनी तिथंच एक ड्रॉइंग हातात दिलं आणि टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो ते आकडे, वाचायला लावले. मी वाचले. "सोमवारपासनं ये गं बाळ. कॉलेजचं पत्र तेवढं आण."

आणि इथून पुढं सगळं थांबलं.

कॉलेजच्या ऑफिसात इंटर्नशिपसाठी एक छापील फॉर्म होता. त्यात कंपनीचं नाव, सीआयएन नंबर, वेबसाइट, अधिकृत ईमेल, एचआरचं नाव आणि पद असे रकाने. माझं शॉप एकट्या मालकाचं, प्रोप्रायटरी. सीआयएन हा कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपनीलाच मिळतो. प्रोप्रायटरी फर्मला तो असूच शकत नाही. वेबसाइट नाही, कारण त्यांची गिऱ्हाइकं ठरलेली आणि वर्षानुवर्षांची. ईमेल जीमेलवर. एचआर म्हणाल तर तेही मालकच. मी फॉर्म भरला, सीआयएनसमोर 'लागू नाही' लिहिलं आणि दिला. टेबलामागच्या साहेबांनी तो तसाच परत सरकवला. "सगळे रकाने भरल्याशिवाय फाइल पुढं जात नाही."

साहेब मराठीच बोलत होते, हे मुद्दाम सांगते. आपल्याकडं ऑफिसात काम अडलं की भाषेवर बोट ठेवायची सवय आहे. इथं भाषेचा काही संबंध नव्हता. मी पुन्हा पुन्हा समजावलं की असा नंबर या फर्मला मिळतच नाही. ते म्हणाले, मग ती कंपनी नव्हे. मालकांकडून लेटरहेडवर पत्र आणलं. ते म्हणाले, पत्र ईमेलनं थेट कॉलेजला आलं पाहिजे. मालकांनी रात्री काम संपल्यावर ईमेल पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर तयार होतं: जीमेलवरून आलेलं धरत नाही. विभागप्रमुखांकडे गेले तर ते म्हणाले, आधी ऑफिसचा शिक्का आण, मग मी सही करतो. ऑफिस म्हणे, आधी विभागप्रमुखांची सही. तिकडं शॉपमध्ये मालक पत्राची वाट बघत होते आणि मला त्यांना काय सांगावं कळत नव्हतं. भला माणूस, आपल्या कामातून वेळ काढून शिकवायला तयार आहे आणि त्याच्याच फर्मवर कॉलेज संशय घेतंय, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं?

खरा संताप आला तो पुढच्या गोष्टीचा. त्याच दिवसांत वर्गातल्या काही जणांनी एका वेबसाइटवर पैसे भरून 'ऑनलाइन इंटर्नशिप' घेतली. पैसे गेले की ऑफर लेटर लगेच येतं. रंगीत लोगो, सीआयएन, स्वतःच्या डोमेनचा ईमेल, एचआर मॅनेजरची सही, सगळं जागच्या जागी. आत काय, तर थोडे व्हिडिओ आणि शेवटी अपलोड करायचा एक रिपोर्ट, ज्याचा नमुनाही तेच देतात. या फायली त्याच टेबलावरून त्याच दिवशी पुढं गेल्या. मला मित्रमैत्रिणींना दोष द्यायचा नाही. त्यातल्या काहींना घरचं दुकान सांभाळायचं होतं, काहींना बाहेरगावी राहणं परवडत नव्हतं. पण जिथं तेलाचा वास येतो, जिथं जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, हातात घेऊन मायक्रोमीटर लावावा लागतो, ती जागा कॉलेजला संशयास्पद वाटावी आणि जिथं माणूसच भेटत नाही ती जागा विश्वासू ठरावी, हे मला आजही सहन होत नाही. उद्यमबागेतलं शॉप कॉलेजपासून रिक्षानं जाण्याच्या अंतरावर आहे. कुणीही जाऊन बघू शकलं असतं.

घरी आई म्हणाली, तू पण भर की पैसे आणि मोकळी हो. बाबा मात्र म्हणाले, "नियम कुठं लिहिलाय ते विचार."

मी विचारलं. जीमेल चालत नाही हे कुठल्या परिपत्रकात आहे, मला बघायला मिळेल का? परिपत्रक नव्हतं. मागं कुणीतरी खोटं पत्र आणलं होतं, तेव्हापासून ही पद्धत पडली, एवढंच कळलं. म्हणजे त्यांना पाहिजे होता तो फर्म खरी असल्याचा पुरावा. आणि तो तर ढीगभर होता. मी मालकांकडून जीएसटी नोंदणीच्या प्रमाणपत्राची प्रत घेतली. तो पंधरा अक्षरांचा नंबर जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता कुणालाही तपासता येतो. नाव, पत्ता, नोंदणी चालू आहे की रद्द, सगळं दिसतं. कर्नाटकातल्या फर्मचा नंबर २९ नं सुरू होतो, महाराष्ट्रातल्या २७ नं. दुसरं, उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र. लघुउद्योगांसाठी ही नोंदणी जुलै २०२० पासून सुरू झाली, मोफत आहे, आणि प्रमाणपत्रावर क्यूआर कोड असतो. तिसरं, लेटरहेडवर नवीन पत्र: कुठलं काम शिकवणार, कोण शिकवणार, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, रोज किती वाजता.

हे सगळं जोडून प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला. शेवटी एक ओळ टाकली: या फर्मला परवानगी नाकारायची असल्यास कृपया कारण लेखी द्यावे. आणि तो अर्ज त्या टेबलावर न देता आवक विभागात दिला, माझ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतला. एवढ्या सगळ्यात खरी किल्ली हीच होती. तोंडी बोलण्याला तोंडी नकार मिळतो आणि त्याची कुठंच नोंद राहत नाही. आवक नंबर पडलेल्या कागदाला कुणालातरी उत्तर द्यावंच लागतं.

उत्तर आलं. प्राचार्यांनी माझ्या गाइड सरांना शॉप बघून यायला सांगितलं. सर स्कूटरवरून आले, मालकांशी बोलले, व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, लागलेला जॉब बघितला, ऑपरेटरला चार प्रश्न विचारले. जाताना मला म्हणाले, "इथंच कर." परवानगीचं पत्र हातात आलं तेव्हा मी ते बसमध्ये परत परत वाचलं.

एक गोष्ट मात्र या मधल्या काळात मालकांनी विचारली होती आणि ती तुम्हालाही विचारतील: मशीनवर काही इजा झाली तर? छोट्या शॉपची ही खरी भीती आहे. कॉलेजचा विद्यार्थ्यांसाठी अपघात विमा असेल तर त्याची प्रत मागून घ्या. शिवाय बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्या. वर्षाला २० रुपये खात्यातून कापले जातात आणि अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाखांचं संरक्षण मिळतं. मी त्याची पावती मालकांना दाखवली, त्यांना बरं वाटलं. सेफ्टी शूज स्वतःचे घ्या, चप्पल घालून शॉपमध्ये जाऊ नका.

मुलींसाठी: पहिल्याच भेटीत बाथरूमचं विचारा, लाजू नका. माझ्या आधी त्या शॉपमध्ये बाई कामाला नव्हती. मी विचारलं तेव्हा मालकांनी ऑफिसमागची खोली साफ करून कडी बसवून दिली. विचारलंच नसतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. बसचं म्हणाल तर जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत आपल्याला, म्हणजे मुली-बायकांना, सरकारी साध्या बसला तिकीट नाही, त्यामुळं माझा रोजचा खर्च जवळपास शून्य होता. पण ही सवलत राज्याच्या हद्दीतलीच. आमच्या बाजूला शिनोळीची औद्योगिक वसाहत उद्यमबागेपेक्षा जवळ, पण ती चंदगड तालुक्यात, महाराष्ट्रात. निपाणीकडच्यांना कागल पंचतारांकित एमआयडीसी बेळगावपेक्षा जवळ पडते. तिकडं जायला हरकत कुणाची नाही, फक्त प्रवासखर्च धरून ठेवा.

काम काय केलं ते थोडक्यात, कारण मला त्याचा अभिमान आहे. एका कास्टिंगच्या (ओतीव भागाच्या) बोअरची, म्हणजे त्यातल्या भोकाची, जागा मधूनच सरकायची आणि जॉब रिजेक्ट व्हायचे. मला रिजेक्शनची वही ठेवायला दिली होती. कोणत्या वेळेला, कोणत्या ऑपरेटरकडं, कितव्या जॉबनंतर, असं लिहीत गेले. जॉब पकडून ठेवणाऱ्या फिक्स्चरच्या लोकेटरखाली (जॉबची जागा ठरवणाऱ्या टेकूखाली) चिप्स, म्हणजे धातूचा कीस, अडकून जॉब किंचित तिरका बसतोय, असं त्या नोंदींवरून दिसलं. दर जॉबला एअर मारून लोकेटर साफ करायचं ठरलं आणि रिजेक्शन उतरलं. माझ्या रिपोर्टचा अर्धा भाग हाच आहे आणि तोंडी परीक्षेत मी त्यावर कुठंही न अडखळता बोलले.

अजून एक, आधी सांगायला हवं होतं. केंद्र सरकारच्या पीएम इंटर्नशिप योजनेच्या जाहिराती बघून शिकत असताना त्यात वेळ घालवण्याआधी अटी नीट बघा. २०२४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा पूर्णवेळ शिकणाऱ्यांना ती नव्हती; वय २१ ते २४ लागायचं, वर्षभर महिन्याला ५,००० रुपये होते. डिग्रीनंतरचा दुसरा रस्ता म्हणजे एनएटीएसची, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेची, अप्रेंटिसशिप. २०१९ च्या नियमांनी पदवीधराला महिन्याला किमान ९,००० आणि डिप्लोमावाल्याला ८,००० ठरवले. कर्नाटकातल्या आस्थापनांचं काम चेन्नईचं अप्रेंटिसशिप प्रशिक्षण मंडळ बघतं, महाराष्ट्र आणि गोव्याचं मुंबईचं, त्यामुळं काही अडलं तर कंपनी कुठल्या राज्यात आहे ते बघून विचारा. स्टायपेंडमधला सरकारचा वाटा थेट खात्यावर येतो, तेव्हा खातं आधारशी जोडलेलं हवं. आपल्या मार्क्स कार्डवर बऱ्याचदा वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर असतं आणि आधारवर पूर्ण नाव. हा फरक अर्ज करायच्या आधी मिटवा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं.

स्टायपेंडचं पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून घ्या. नाही म्हणाले तरी चालेल, पण कळलेलं असावं. आणि शेवटचा आठवडा उजाडायच्या आत सर्टिफिकेटचा मसुदा स्वतः टाइप करून मालकांना द्या: तारखा परवानगीपत्रातल्याच, खाली जीएसटी नंबर, सही आणि शिक्का. त्यांना टायपिंगला वेळ नसतो आणि ऑफिसला तारखेतला एका दिवसाचा फरकही पुरतो.