फुलीकडे वळले ती

पहिल्याच फाट्यावर मी वाट चुकले. खोडावर पांढरी-तांबडी फुली रंगवलेली होती. यात्रेची वाट, म्हणजे हा क्रूसच असणार, असं समजून बिनदिक्कत तिकडे वळले. मागून लेक ओरडली, "आई, फुली म्हणजे इकडून जायचं नाही! पांढरी न् तांबडी अशा दोन आडव्या पट्ट्या दिसल्या तरच बरोबर."

पंढरीची वारी मी चारदा केलीय. तिथे चुकायची सोयच नाही. पुढे पताका, मागे रेटा. इथे फ्रान्समध्ये दोघीच, आणि पायाखालच्या खड्यांचा आवाज. ही वाट ल प्वी गावाहून निघते ती पार स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थापर्यंत. ल प्वीचा बिशप गोदेस्काल्क 950 साली तिकडे निघाला होता. आम्ही आपला ग्रेआलू ते काजार्क एवढाच, दहाएक किलोमीटरचा तुकडा घेतला. माझ्या गुडघ्यांना तेवढाच झेपणार होता.

चढ फारसा नाही. चुनखडीचा माळ, खुरटे ओक, दोन्ही अंगांना नुसते दगडावर दगड रचलेले गडगे, थेट कोकणातल्यासारखे. मधेच एखादी तशीच रचलेली गोल खोपी. पावसात मेंढपाळाला आडोसा.

मग पेश-लाग्लेरचं डॉल्मेन आलं. उभ्या शिळांवर एक अवजड शिळा आडवी टाकलेली. नवाश्मयुगातली ही दफनाची जागा; बिशप इथून गेला असेल तर त्यालाही ती जुनीच वाटली असणार. जवळच दगडी क्रूस. 1998 पासून युनेस्कोच्या यादीत या वाटेबरोबर हे डॉल्मेनही आहे. वरच्या शिळेवर हात ठेवला तर उन्हानं तापलेली, दगडफुलाच्या खपल्या बोटांना लागल्या. खालून मात्र ती माठासारखी गार.

सावलीत एक म्हातारबुवा पाव-चीज खात होते, पिशवीला यात्रेचा शिंपला बांधलेला. सरकून जागा दिली नि म्हणाले, "बों शमां." वाट सुखाची होवो! मी सवयीनं हात जोडले, "माउली."

संध्याकाळी काजार्कच्या यात्रीनिवासात यात्रेच्या पुस्तिकेवर शिक्का मारून घेत होते. तेवढ्यात तेच आजोबा आत आले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बोंस्वार, मादाम माउली!"

लेक अजून हसतेय.