खोडलेला निष्कर्ष

गेल्या डिसेंबरात तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होते. गट सहावी ते आठवीचा. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत १४ वर्षं विज्ञान शिकवते, त्यामुळे हॉलमध्ये काय मांडलेलं असेल ते दारातूनच ओळखता येत होतं. सिरिंजांवर चालणारा जेसीबी, सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी, थर्माकोलचं आदर्श गाव, ठिबक सिंचन.

हे प्रयोग वाईट नाहीत. जेसीबी तर मला फार आवडतो, कारण त्यात पास्कलचा नियम, म्हणजे बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो हे, बोटांना जाणवतं. एका मुलाला मी विचारलं, जाड सिरिंज थोडीशी दाबली तरी बारीक सिरिंजचा दट्ट्या एवढा लांब का सरकतो? त्याने सरांकडे पाहिलं. सर पुढे होऊन सांगायला लागले. मी त्यांना थांबवलं आणि दोन्ही सिरिंज त्या मुलाच्या हातात दिल्या, पण तोवर तो घाबरला होता. हे दरवर्षी होतं आणि दरवर्षी मला त्याचं वाईट वाटतं. मॉडेल मुलाचं असतं, उत्तर मोठ्यांचं.

जिच्याबद्दल हे सांगायचंय, ती मुलगी हॉलमध्ये नव्हतीच. उशिरा पोहोचल्यामुळे तिला जिन्याजवळ व्हरांड्यात बाक मिळाला होता. वाडीवरच्या शाळेतली, सातवीची. बाकावर दोन स्टीलच्या ताटल्या, लोणच्याची रिकामी काचेची बरणी, मेणबत्त्या, निळी शाई घातलेलं पाणी आणि एक पट्टी. प्रयोग मी ताबडतोब ओळखला. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून पालथी बरणी. मेणबत्ती विझते, पाणी आत चढतं. मी मनात पुढच्या बाकाकडे निघालेही होते.

मग तिच्या तक्त्याकडे लक्ष गेलं. खाली ‘निष्कर्ष : ज्वलनात ऑक्सिजन संपतो व त्याची जागा पाणी घेते. हवेत सुमारे १/५ ऑक्सिजन असतो’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं आणि त्यावर पेनाने आडवी रेघ मारली होती. शेजारी, घाईघाईत : ‘१ मेणबत्ती २ सेंमी. ३ मेणबत्त्या साडेचार सेंमी. बरणी तीच.’

“हे का खोडलंस?” मी विचारलं.

“मॅडम, बरणी तीच आहे म्हणजे ऑक्सिजन पण तेवढाच ना? मग तीन लावल्या की पाणी जास्त का चढतं? आणि मेणबत्ती जळत असताना पाणी जागचं हलतच नाही. विझली की एकदम चढतं. ऑक्सिजन जळताना संपतो, मग पाणी विझायची वाट कशाला बघेल?”

मी तिला पुन्हा करून दाखवायला सांगितलं. व्हरांड्यात वारं होतं, दोन वेळा ज्योत गेली, शेवटी मी पदर धरून आडोसा केला. तिने बरणी उतरवली आणि म्हणाली, “आता काठापाशी बघा.” बरणीच्या कडेखालून चार-पाच बुडबुडे बाहेर आले. हा प्रयोग मी किती वेळा केला असेन, पण ते बुडबुडे कधी पाहिले नव्हते. माझी नजर कायम ज्योतीवर असायची.

“हवा तापून फुगते, म्हणून थोडी बाहेर पळते,” ती म्हणाली. “विझल्यावर आतली गार होऊन आकसते, मग पाणी आत ढकललं जातं.”

“हे कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. पोटात वाटी सरकली की आजी बेंबीवर पणती ठेवून वरून तांब्या पालथा घालते. दिवा विझला की तांब्या पोटाला घट्ट बसतो, ओढूनही निघत नाही. तिथं पाणी नसतं, म्हणून कातडी आत ओढली जाते.”

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. तिचं म्हणणं बरोबर होतं. झाकलेल्या बरणीत मेणबत्ती सगळा ऑक्सिजन वापरतच नाही. तो २१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत तग धरत नाही. शिवाय मेण जळताना जेवढा ऑक्सिजन खर्च होतो, त्याच्या साधारण दोन तृतीयांश आकारमानाचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे जागा फारशी रिकामी होत नाही. सोबत तयार झालेली वाफ गार होऊन पाणी होते, तिचाही थोडा हातभार लागतो. पण मुख्य काम हवेच्या तापण्याचं आणि निवण्याचं. तीन ज्योतींनी हवा जास्त तापते, जास्त हवा बाहेर जाते, म्हणून पाणी जास्त चढतं. एक पंचमांशाचा आकडा खरा आहे, पण हा प्रयोग तो सिद्ध करत नाही. मी मात्र १४ वर्षं वर्गात तसंच सांगत आले होते. पाणी कमी-जास्त चढलं की ‘मोजण्यात चूक झाली’ म्हणून पुढे जायचे.

गुणपत्रकावर बसताना वाद झाला. सोबतच्या परीक्षकांचं म्हणणं, निष्कर्ष खोडलेला तक्ता तालुक्याला आणतात का, आणि याची समाजाला उपयुक्तता काय? मी ‘वैज्ञानिक विचार’ या रकान्यात तिला पूर्ण गुण दिले आणि त्या खोडलेल्या ओळीसाठीच दिले असं शेरा लिहून सही केली. तिचा तिसरा क्रमांक आला. जिल्ह्याला पहिलाच जातो. मला अजूनही हे पटलेलं नाही.

निघण्यापूर्वी तिला मी एक पंचमांश खरोखर मोजायची रीत सांगितली. लेथच्या दुकानातून लोखंडाचा बारीक कीस आणायचा. त्याला तेल असतं, म्हणून साबणाने नीट धुवायचा. परीक्षानळी आतून ओली करून कीस भिंतीला चिकटवायचा, नळीवर पाच सारखे भाग आखायचे आणि ती पाण्यात पालथी उभी ठेवायची. गंजताना लोखंड ऑक्सिजन घेतं, तेही काहीही न तापवता.

आठवड्याभराने तिच्या बाईंनी मोबाइलवर फोटो पाठवला. खिडकीत उभी नळी, लालसर गंज, आणि निळं पाणी पहिल्या रेघेच्या किंचित खाली थांबलेलं. खाली लिहिलं होतं, “दोन दिवस झाले, हललेलं नाही. रोज शाळा भरायच्या आधी येऊन बघते.”

त्या दिवशी माझा तास सातवीवर होता. बरणी, ताटली, मेणबत्त्या घेऊन गेले आणि मुलांना फक्त काठाकडे बघायला सांगितलं. तास संपल्यावर तेच सामान उचलून आठवीच्या वर्गात गेले. त्यांना हा प्रयोग मी गेल्या वर्षी शिकवला होता. म्हटलं, जुनी वही असेल तर काढा, एक ओळ खोडायची आहे.