मासा देखाले इतली दूर?

मागच्या महिन्यात घरी आले तेव्हा मामाने चहा प्यायच्या आधीच विचारलं, "मासा देखाले इतली दूर कसाले गई वं तू?" मी म्हटलं मामा, डॉल्फिन मासा नसतो, पिल्लाला दूध पाजतो, श्वास घ्यायला वर येतो. मामा शांतपणे म्हणे, "मंग म्हैसच शे, असं सांग ना."

तेव्हा सगळे हसले, मी पण. पण उन्हाळ्यातल्या त्या तीन आठवड्यांत मी जे शिकले ते मामाच्या गोठ्यापासून फार लांबचं नव्हतं, म्हणून म्हटलं लिहूनच काढू.

आम्ही चोपड्याकडचे. तापी गावाजवळून जाते, सुरतेला समुद्राला मिळते, पण आमच्यातलं कोणी तिच्या मागे तिथपर्यंत गेलेलं नाही. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो बारावीनंतर. जळगावला झूलॉजीत बीएस्सी केलं, मग एमएस्सीला ब्रिटनमध्ये गेले आणि तिथल्या समर फील्ड कोर्समध्ये स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर मोरे फर्थला (फर्थ म्हणजे खाडी) जायला मिळालं. वाचताना आपल्या मोरे आडनावासारखंच वाटतं पण म्हणतात 'मरी', मी दोन दिवस चुकीचंच म्हणत होते, कोणी टोकलं पण नाही! इकडे जळगावला पारा ४५ ला टेकतो आणि तिकडे जून महिन्यात मी दोन स्वेटर घालून बोटीत कुडकुडतेय. रात्री दहालाही उजेड, झोपच लागायची नाही.

तिथले बॉटलनोज डॉल्फिन जगातल्या सगळ्यात उत्तरेकडे कायम राहणाऱ्या कळपांपैकी एक. थंडीमुळे चरबी जास्त, अंगाने आडदांड, काही तर चार मीटरच्या जवळपास जातात. पूर्व किनाऱ्यावर सगळे मिळून दोनशेहून थोडे जास्त आहेत. हे मोजलं कसं? तर एकेकाला ओळखून. क्रोमार्टी गावात जुन्या दीपगृहात ॲबरडीन युनिव्हर्सिटीचं फील्ड स्टेशन आहे, तिथली माणसं १९८९ पासून या डॉल्फिन्सच्या पाठीवरच्या फिनचे, म्हणजे पराचे, फोटो काढून ठेवतायत. फिनच्या मागच्या कडेला खाचा असतात, कोणाची वरची टोकं तुटलेली, कोणाच्या अंगावर दुसऱ्याने दात ओढल्याचे समांतर ओरखडे. ओरखडे बुजतात, खाचा राहतात, म्हणून ओळख पटवायची ती मुख्यतः खाचांवर. मामाची बांडी म्हैस शेपटीवरून आणि चांदी मोडक्या शिंगावरून कळते, अंधारात सुद्धा, तसंच.

पहिले चार दिवस एकही डॉल्फिन नाही. मला उलट्या. सर रोज शांतपणे फॉर्म भरून घ्यायचे, किती वाजता निघालो, कुठून कुठे गेलो, लाटा कशा, ढग किती, दिसले किती : शून्य. मला वाटायचं शून्य लिहायला एवढा कागद कशाला घालवायचा, पण किती तास शोधलं हेच लिहिलं नाही तर यंदा डॉल्फिन कमी झाले का आपणच कमी फिरलो हे पुढच्या वर्षी कोण सांगणार. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसायला लागला की परत फिरायचं, कारण मग काळं फिन आणि लाटेची सावली यातला फरकच कळत नाही.

पाचव्या दिवशी कोणीतरी ओरडलं आणि मी कॅमेरा उचलेपर्यंत ते खाली गेले पण होते. जवळ जायला लायसन्स लागतं, बोट हळू आणि त्यांच्या बाजूने समांतर ठेवायची, आडवं जायचं नाही, आणि डाव्या-उजव्या दोन्ही अंगाचे फोटो हवेत. मी तीनशेच्या वर काढले, त्यातले बहुतेक नुसतं पाणी, काही अर्ध्या पाठी, कामाचे निघाले अकरा. संध्याकाळी स्क्रीनवर ते अकरा जुन्या कॅटलॉगशी ताडून बघायचे, एकाने जुळवलं की दुसऱ्याने पहिल्याचं उत्तर न बघता परत जुळवायचं. डोळे दुखून यायचे. (घरून नेलेल्या बिबड्या याच वेळात संपल्या, एक जर्मन पोरगी रोज विचारायची अजून आहेत का.)

पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक, सोडला की फोडणीत मोहरी तडतडावी तसे क्लिक ऐकू येतात आणि मधेच शिट्टी. प्रत्येकाची स्वतःची एक शिट्टी असते. सेंट अँड्र्यूज युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी याच किनाऱ्यावर शिट्ट्यांच्या नकला वाजवून पाहिल्या, तर ज्याची त्याची शिट्टी वाजली की तोच उत्तर द्यायचा, २०१३ मध्ये ते छापून आलं. म्हणजे नावाने हाक मारल्यासारखंच की.

पण एक गोष्ट ऐकून माझा मूडच गेला होता. नव्वदच्या दशकात या भागात पॉर्पाइज, म्हणजे डॉल्फिनचेच छोटे नातेवाईक, मरून किनाऱ्याला लागायचे, बरगड्या मोडलेल्या, अंगावर दातांचे व्रण. व्रणांचं अंतर मोजलं तर ते बॉटलनोजचे निघाले. मारतात आणि खात पण नाहीत. का, याबद्दल बरेच अंदाज आहेत. मी मात्र त्या रात्री माझ्या मोबाइलचा हसरा डॉल्फिनवाला वॉलपेपर काढून टाकला.

कोर्सच्या शेवटी शेवटी चॅनोनरी पॉइंटला गेलो. तिथे खाडी एकदम अरुंद होते, भरतीच्या पाण्याबरोबर सामन मासे त्या तोंडातून आत घुसतात आणि डॉल्फिन बरोबर तिथेच वाट अडवून बसतात, किनाऱ्यापासून इतके जवळ की श्वासाचा फुस्स आवाज येतो. भरतीचं टाइमटेबल बघून माणसंही गर्दी करतात. एकाने सामन हवेत उडवला तर टाळ्या!

तर परवा मामाला खाटेवर बसवून मी मोबाइलवर सरावाचे फोटो दाखवले, म्हटलं सांग यातले सारखे कोणते. चष्मा पुसून पुसून त्याने चार जोड्यांपैकी तीन बरोबर लावल्या, मला पहिल्या दिवशी दोनच जमल्या होत्या. मग मी काढलेल्या एका पिल्लाच्या फोटोपाशी थांबला. अंगावर जन्माच्या फिकट उभ्या घड्या, फिन अगदी कोरं, खाच नाही काही नाही.

"यान्ही माय कोनती शे?"

फोटो काढला त्या दिवशी पिल्लाच्या शेजारी कोण पोहत होतं ते मी फॉर्मवर लिहायलाच विसरले होते. मामाला सांगितलं तर त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं, मोबाइल परत दिला आणि धारा काढायला निघून गेला.