ओल्ड गोवा: सकाळी सफेद, संध्याकाळी लाल (कॅमेरा घेऊन दोन दिवस)

आम्ही वसईचे, त्यामुळे पडकी चर्चेस लहानपणापासून बघितलेली. किल्ल्यातली छप्पर नसलेली, भिंतीतून पिंपळ आलेली. अख्खं, सोन्याच्या वेदीसकट उभं असलेलं पोर्तुगीज चर्च नीट बघायचं राहिलंच होतं. गोव्याला दहा वेळा गेलो असेन पण दर वेळी बीचवरून परत येताना "चला चर्च पण करून टाकू" असं दुपारी एक वाजता, आणि फोटो काय तर पांढरंफटक आकाश न मागे पडल्यासारखी दिसणारी भिंत. या वेळी जानेवारीच्या शेवटी खास फोटोसाठीच गेलो, सोबत बाबा. बाबा सिव्हिलमध्ये ड्राफ्ट्समन होते, रिटायर होऊन बारा वर्षं झाली पण भिंत दिसली की जाडी मोजायला लागतात.

जायचं कसं ते आधी. दादरहून रात्री कोकणकन्या पकडा आणि मडगावला न जाता करमळीला उतरा, ओल्ड गोवा तिथून अगदी जवळ आहे. राहायला पणजी बरी, साधारण दहा किलोमीटर, आणि कदंब स्टँडवरून बस सारख्या सुटतात. तारखांचं म्हणाल तर ३ डिसेंबरच्या आसपास सेंट झेवियरच्या (ज्याचं शव बॉम जीझस चर्चमध्ये आहे तो संत) फेस्तला, म्हणजे उत्सवाला, प्रचंड गर्दी असते, फोटोसाठी ते दिवस टाळाच (फेस्तचेच फोटो हवे असतील तर गोष्ट वेगळी). त्याचं शवप्रदर्शन, म्हणजे शव लोकांना बघायला खाली ठेवणं, दहा वर्षांतून एकदा असतं, मागचं नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ असं झालं, म्हणजे आता बरीच वर्षं ती काळजी नाही.

आता एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: से कॅथेड्रलचं तोंड पूर्वेला आहे आणि रस्त्यापलीकडच्या बॉम जीझस चर्चचं पश्चिमेला. म्हणजे से सकाळी, बॉम जीझस संध्याकाळी. टूरवाल्या गाड्या नेमकं उलटं किंवा भर दुपारी आणतात.

पहिल्या सकाळी आठलाच से कॅथेड्रलच्या समोरच्या हिरवळीवर पोचलो. पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने गोवा घेतलं ते २५ नोव्हेंबर १५१० ला, तो सेंट कॅथरिनचा दिवस, म्हणून हे कॅथेड्रल तिच्या नावाचं. सध्याची इमारत १५६२ ला सुरू झाली आणि १६१९ पर्यंत बांधकाम चाललं. ७६ मीटर लांब, ५५ रुंद, दर्शनी भिंत ३५ मीटर उंच. खरे दोन मनोरे होते, उत्तरेकडचा १७७६ ला पडला तो परत बांधलाच नाही, त्यामुळे समोरून बघताना डावीकडे मनोरा आणि उजवीकडे नुसतंच आकाश. मी पहिली चूक इथे केली, मध्यभागी उभा राहून सगळं सिमेट्रिकल धरायचा प्रयत्न केला. नाही जमत, ती इमारतच सिमेट्रिकल नाहीये. बाबा म्हणाले, "अरे पडलेली बाजू मोकळी सोड की, तीच तर गोष्ट आहे." मग थोडं उजवीकडे सरकून, रिकाम्या बाजूला भरपूर आकाश ठेवून काढला तो फोटो सगळ्यात बरा आलाय.

उंच इमारतीचा फोटो जवळून वाइड लेन्सने काढायला कॅमेरा वर केला की भिंती आत झुकतात हे सगळ्यांना माहितीय तरी सगळे करतात. हिरवळ मोठी आहे, मागे जा, पन्नास एमएमच्या आसपासची लेन्स लावा, कॅमेरा सरळ ठेवा, खाली जास्तीचं गवत येऊ द्या आणि घरी क्रॉप करा. मागे जायला जागाच नसेल तर चारही बाजूला मोकळी जागा ठेवून काढा, कारण नंतर सॉफ्टवेअरमध्ये भिंती सरळ करताना कडा कापल्या जातात. माझा मनोऱ्यावरचा क्रॉस असाच गेला एका फोटोत. मोबाइलवाल्यांनी ०.५ लेन्सचा मोह टाळा आणि ग्रिड चालू ठेवा.

आत गेल्यावर लक्षात येतं की से आतून पांढरं आहे. चुन्याच्या भिंती, वर अर्धगोल छत, दोन्ही बाजूंना ओळीने चॅपल्स आणि टोकाला एकदम सोनेरी वेदी, तिच्यावर सेंट कॅथरिनच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेत. पांढऱ्या भिंतींमुळे कॅमेरा फसतो आणि सगळं राखाडी करून टाकतो, तेव्हा एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) पाऊण-एक स्टॉप वर घ्या, स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा करणारी एक पायरी. वेदीचा मात्र वेगळा फोटो घ्या, तिथे तेच सेटिंग ठेवलंत तर सोन्याचा तपशील जळून जातो. बाजूच्या चॅपल्सना लाकडी कोरीव पडदे आहेत त्यांच्याकडे कोणी फारसं बघत नाही, सगळे सरळ वेदीकडे चालू पडतात. मी तिथे अर्धा तास घालवला. जाळीतून आतला अंधार आणि एखादी मेणबत्ती, एवढंच फ्रेममध्ये घ्या.

ट्रायपॉडचं सांगतो. ही सगळी स्मारकं पुरातत्त्व खात्याकडे आहेत आणि ट्रायपॉडला त्यांची आधी परवानगी लागते. मला वाटलं वीतभर टेबल ट्रायपॉडला कोण काय म्हणतंय. म्हणाले. चूक माझीच, निमूटपणे बॅगेत टाकला. पण त्याने फार बिघडलं नाही, १६ एमएमवर १/१५ सेकंद हातात धरून निघतं, खांबाला नुसतं पाठ टेकून उभं राहायचं, श्वास सोडताना तीन-चार फोटो लागोपाठ घ्यायचे, एक तरी शार्प येतो. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १६०० ते ३२०० बिनधास्त लावा, थोडा दाणा दिसला तरी चालेल पण हललेला फोटो फुकट. रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल, रंग नंतर सुधारता येतात) काढा कारण खिडकीतून निळसर उजेड आणि आत पिवळे दिवे असा सगळा मिश्र मामला आहे. फ्लॅश अजिबात नाही. आत पोझ देऊन फोटो काढणाऱ्यांनाही रखवालदार हटकत होते. नियम अधूनमधून बदलतात म्हणून दारावरची पाटी वाचा आणि त्या दिवशी जे असेल ते पाळा. आणि ही चालू चर्चेस आहेत बरं, मिसा सुरू असेल तर कॅमेरा बंद करून मागच्या बाकावर बसा. रविवारी सकाळी तर फोटोसाठी जाऊच नका. खांदे-गुडघे झाकलेले कपडे घाला.

दुपारी ऊन डोक्यावर असताना बाजूचं सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी बघा, आतच काम आहे त्यामुळे उन्हाचा प्रश्न नाही. चर्च १६६१ चं पण दरवाजा त्याआधीच्या चर्चचा ठेवलाय, काळसर दगडाचा मॅन्युएलाइन (जुन्या पोर्तुगीज) शैलीतला. आत फरशीत थडगी आहेत, त्यांच्यावर घराण्यांची चिन्हं कोरलेली, लोक त्यावरून चालत जातात. ती चिन्हं दिसायला उजेड आडवा पडायला हवा, सरळ वरून काढली तर सपाट येतात. खाली गुडघ्यावर बसा, लोक बघतील, बघू द्या.

साडेचारला बॉम जीझस. १५९४ ला पाया घातला, १६०५ ला वापरात आलं. जांभ्याचं बांधकाम, आणि त्यावरचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला म्हणून ते आज असं लाल दिसतं. बाबांना हे मुळीच पटलं नाही. जांभा म्हणजे स्पंज, गोव्याच्या पावसात उघडा ठेवायचा दगड आहे का, वगैरे पंधरा मिनिटं ऐकलं. पटतं मला ते, पण फोटोग्राफर म्हणून सांगतो की पाच-सव्वापाचला त्या भिंतीवर तिरकं ऊन आलं की प्रत्येक चिऱ्याचं भोक न भोक दिसतं आणि अख्खी भिंत पेटल्यासारखी होते. वीस-पंचवीस मिनिटंच असतं ते. आधी जागा ठरवून ठेवा.

त्या लाल भिंतीत जे खांब आहेत ते मात्र जांभ्याचे नाहीत, काळ्या बसाल्टचे आहेत, आणि तो दगड वसईहून आणला असं म्हणतात. हे मी बाबांना मुद्दाम आधी सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर ते भिंतीच्या अगदी जवळ गेले आणि बराच वेळ बोललेच नाहीत, मग म्हणाले, "चारशे-साडेचारशे किलोमीटर. गलबतातून आणला असणार रे." वसई पोर्तुगीजांकडे १५३४ पासून, १७३९ ला चिमाजीअप्पांनी घेतली, म्हणजे हा दगड आला तेव्हा तिथे त्यांचंच राज्य, इकडचा माल तिकडे. एरवी खांब सावलीत काळे ठिक्कर येतात, तेव्हा मीटरिंग (कॅमेऱ्याने उजेड मोजणं) खांबावर करू नका, लाल भिंतीवर करा आणि सावल्या घरी थोड्या उचला.

आतून बॉम जीझस से च्या बरोबर उलटं, अंधारं आणि सोन्याने भरलेलं. इथे एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली. मुख्य वेदीवर जीझुइट पंथाचा संस्थापक लोयोलाचा इग्नेशियस, वर सूर्यासारखं जीझुइटांचं चिन्ह, त्याच्याही वर ट्रिनिटी (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा). उजव्या बाजूच्या चॅपलमध्ये झेवियरची समाधी. चांदीची पेटी गोव्याच्या सोनारांनी १६३७ ला केलेली, खालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या फोजिनीचा, टस्कनीच्या ड्यूकने दिलेला, तो १६९८ ला इथे जोडला. पेटी बरीच उंचावर आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं, वाइड लेन्सने ती काडेपेटीएवढी येते. ८५ ते १३५ एमएमची लेन्स न्या. समोर लोक सरकत असतात, थांबून राहायला मिळत नाही, म्हणून सेटिंग रांगेतच करून ठेवा.

दुसऱ्या सकाळी सेंट कायेतान, दर्शनी भिंत रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर, आत घुमटाखाली छान एकसारखा उजेड आणि गर्दी जवळजवळ नाही. नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं मत. घुमटाचा फोटो काढायला कॅमेरा फरशीवर उताणा ठेवून टायमर लावा, ट्रायपॉडची गरजच नाही. मग चढ चढून सेंट ऑगस्टिनचा मनोरा. ४६ मीटरचा होता, १८४२ ला चर्चचं छत कोसळलं आणि १९३१ ला अर्धा मनोरा. बाबा म्हणाले हे आपल्या किल्ल्यासारखं आहे, आणि सावलीत बसून राहिले. तिथे पाणी सोबत ठेवा, सकाळी दहानंतर जांभा तापतो.

जास्तीची बॅटरी मी हॉटेलवर विसरलो होतो, मंद उजेडात स्क्रीनवर सारखं झूम करून बघत बसलं की बॅटरी दुपारपर्यंत संपते, तेव्हा दोन न्याच. आणि परतीची गाडी करमळीहून असेल तर रिक्षा आधीच ठरवून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही, आम्ही बॅगा घेऊन शेवटचा तुकडा चालत गेलो.